एका फोनले एक आंघोळ

लोणझरी, ता. चांदूर रेल्वे
शुक्रवार, दिवे लागल्यावर

श्री. सहदेवराव यांना लोणझरीवरून पंजाबरावचा रामराम.

तुझ्या नावाले 'राव' लावलेलं पाहून दचकू नको. काम असलं की मी माणसाची इज्जत करतो, हे तुले माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. सासूबाईले नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली म्हणून सांग (मी देलेलं तेल त्यांनी शेजारणीले देऊन टाकलं हे मले समजलं आहे, तरी विचारपूस केली). तुझ्या घरधनिणीले, पौर्णिमाले, आशीर्वाद. तिनं धाडलेल्या मुंगवड्या संपल्या, हे सहज लिहून राहिलो, मागून नाई राहिलो. तुझ्या बहिणीची तब्येत खणखणीत आहे अन् आवाज तब्येतीहून खणखणीत आहे. इकडलं बाकी सारं ठीक, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं समज. ठीक काहीच नाई. आमच्या आकांक्षाची सोयरीक, जी तू स्वतः मधात पडून जमवून देली, ती जमलेली आहे का मोडलेली आहे हे आजच्या घडीले तिच्या बापाले, म्हणजे मले, ठाऊक नाई.

तू म्हणशील, अशा वेळी माणूस फोन करते, पत्र कोण लिहिते? बरोबर आहे. पण माझा फोन सध्या तुरीच्या कोठीत आहे, कोठीले कुलूप आहे अन् कुलपाची किल्ली तुझ्या बहिणीच्या कमरेले आहे. हे कसं झालं ते समजाले आधी आमच्या गावचं नेटवर्क समजलं पायजे. मागच्या दिवाळीले तू आला तवा दोन दिवस मोबाइल हातात धरून अंगणात गोल गोल फिरला अन् तसाच परत गेला. टॉवर झाला तो त्याच्यानंतर.

आमचं गाव खोलात आहे. एका अंगाले टेकडी, दुसऱ्या अंगाले नाला. टॉवर उभा झाला टेकडीपलीकडं, दुसऱ्याच गावच्या वावरात. त्याचं नेटवर्क टेकडी चढून येते, आमच्या घरांवरून, शाळेवरून, ग्रामपंचायतीवरून, मारुतीच्या पारावरून कोणाले न विचारता पुढं जाते अन् नाल्याकाठी एकाच जागी खाली उतरते. ती जागा म्हणजे आमचं मोक्षधाम. (मसण म्हण, आपण घरचे आहो.) सरपंचानं एका जाणत्या माणसाले बोलावलं. त्यानं हातातली मशीन चारी दिशेले फिरवली अन् सांगतलं, तुमचं गाव चुकीच्या जागी आहे. गाव आधीचं का टॉवर आधीचा, एवढं तरी विचाराले पायजे होतं, पण सरपंच त्याले चहा पाजत बसले.

मोक्षधाम तसं छान आहे, खोटं कायले बोलू? टिनाचं शेड आहे, भोवताल निंबाची झाडं आहेत, पाखरं आहेत अन् सिमेंटचा एक बाक आहे. बाकावर 'स्व. गोदाबाई यांच्या स्मरणार्थ' असं कोरलं आहे. त्या बाकाच्या डाव्या टोकाले बसलं की नेटवर्कच्या चार काड्या येतात, उजव्या टोकाले दोन, अन् तिथंच उठून उभं राहिलं की काहीच नाई (बाकी आवारात मेसेज तेवढे येतात). ही गोदाबाई जिती होती तवा तिनं मले कधी अंगणात टेकू देलं नाई, अन् आता गावातल्या साऱ्या महत्त्वाच्या गोष्टी तिच्याच मांडीवर बसून होतात. कापसाचा भाव तिथंच समजते, बँकेचा ओटीपी तिथंच येते, मास्तर शाळेची हजेरी तिथूनच भरते. ज्यानं उभ्या जन्मात मसणाकडं तोंड केलं नाई, तोही आता सकाळी दात घासत घासत तिकडंच जाऊन राहिला.

इथपर्यंत कोणालेच त्रास नव्हता. त्रास सुरू केला तुझ्या बहिणीनं. पहिल्याच दिवशी मी फोन करून घरी आलो तर ती उंबरठ्यात आडवी उभी. "कुठून आले?" म्हणे. सांगतलं. "मंग आंग धुवा अन् मंग घरात या." आता मसणातून आल्यावर आंघोळ करायची हे मलेही समजते, मी काही बिनवळणाचा नाई. पण मयत नाई, रडारड नाई, मी नुस्ता तुरीच्या खरेदीचा मेसेज पाहून आलो, त्याची कायची आंघोळ? "मसण ते मसण," म्हणे, "तुमी तिथं रडाले गेले का हसाले गेले, हे पाहाले मी आली नोती." झालं. अंगणात बकेट, बकेटीत रातभर थिजलेलं पाणी, कडाक्याची थंडी अन् मी.

तुले माझं अन् आंघोळीचं ठाऊकच आहे. लग्नात हळदीच्या पाण्यासाठी मले तिघांनी धरून आणलं होतं, हे सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात. मी स्वच्छतेच्या विरोधात नाई, रोजच्या विरोधात आहे. असा मी, अन् माझ्यावर हा कायदा लागला: एका फोनले एक आंघोळ, अन् तीही डोक्यावरून. तुझ्या बहिणीचं पाहून बाकीच्या बायांनीही आपापल्या उंबरठ्यावर तोच कायदा लावला. त्याचे पोटनियमही आहेत. फाटकाबाहेर उभं राहून बोललं तर हातपाय धुतले तरी चालते (पण फाटकाबाहेर नुस्तं 'हॅलो हॅलो' होते, पुढचं काही होत नाई). मिस कॉल देला तरी आंघोळ. समोरच्यानं उचलला नाई तरी आंघोळ. मसणात जायचे कपडे वेगळे, ते गोठ्यातल्या खुंटीवर. बायांनी तर तिकडं जायचंच नाई, काही निरोप असला तर माणसाच्या हाती धाडायचा. नळ दिवसाआड येते, म्हणून फोनही दिवसाआड. अन् सगळ्यात वाईट म्हणजे गावात आता कोणाचं काही लपत नाई. ज्याचं डोकं ओलं, त्यानं फोन केला. सरपंच भरदुपारी ओल्या डोक्यानं दिसले की पारावरचे लोक विचारतात, "कोणाले लावला होता, भाऊ?"

एक मात्र सुधारलं. मयतीले आता गर्दी होते. त्या दिवशी आंघोळ तर तशीही करायचीच असते, मंग एका आंघोळीत सारे फोन उरकून घ्यावे, असं साऱ्यांचंच मत. तिरडी फाटकातून आत आली की लोकांच्या खिशातले अडकलेले मेसेज एकदम वाजाले लागतात, कोणाचं भजन, कोणाची गाडीची शिट्टी. मागं एक म्हातारी गेली तवा अख्खं गाव राख होईपर्यंत थांबलं. तिचा नागपूरचा लेक गहिवरून मले म्हणाला, "भाऊ, मायले लोक एवढा जीव लावत होते, मले ठाऊकच नोतं." मी काय सांगणार? मी त्याच्याकडं पाठ करून, कानात बोट घालून खताच्या दुकानदारासंग भांडून राहिलो होतो. माझे हलणारे खांदे पाहून त्याले वाटलं, मी हुंदके देऊन राहिलो.

आता मुद्द्यावर येतो. भगवंतरावांच्या नितेशचं स्थळ तू आणलं. पोरगा चांगला आहे, यात वाद नाई. तुझ्या घरी पाहणं झालं तवा चहा पिऊन त्यानं आपला कप आपण नेऊन ठेवला, हे तुझ्या बहिणीनं इतक्या खेपा सांगतलं की आता मलेही माझा कप उचलावा लागते. पण भगवंतराव पडले रिटायर हेडमास्तर. माणूस इतकं शुद्ध बोलते की त्यांच्यासंग बोलायच्या आधी मले मनात वाक्य लिहून काढावं लागते. त्यांची अट अशी, की सोयरिकीचं बोलणं चांगली वेळ पाहूनच करायचं. ते पंचांग पाहून वेळ कळवत अन् फोन लावत, अन् मी त्या वेळेले गोदाबाईच्या बाकावर डाव्या टोकाले हजर.

पहिल्याच खेपेले त्यांनी विचारलं, "पंजाबराव, कुठे आहात? पाखरांचा आवाज फार छान येतो आहे." आता काय सांगू? शुभकार्याची पहिली गोष्ट, अन् मी म्हणू का मसणातून बोलून राहिलो? मी गप. तर त्यांनीच पुढं विचारलं, "बगीच्यात बसलात वाटतं?" मी म्हटलं, हाव. एवढंच म्हटलं. आपल्या भागात बगीचा म्हटला की संत्र्याचाच, हे त्यांनी धरलं असेल, मी धरलं नाई. (माझ्या घरामागं संत्र्याचं एक झाड आहे. फळत नाई, पण झाड आहे.) मंग दर खेपेले सुरुवात बगीच्यापासून. "बगीचा कसा आहे?" "शांत आहे जी." "आज माणसं नाहीत का कामाला?" "नाई जी, आज कोणीच आलं नाई." यात एक तरी वाक्य खोटं असलं तर दाखव.

अन् त्याच्यासाठी मी काय सोसलं ते पाहाले तू नव्हता. हुंड्याचं बोलणं नाई हे ठरलं, एक आंघोळ. मानपान साधं ठेवायचं ठरलं, दुसरी आंघोळ. एका खेपेले त्यांनी फोन लावून फक्त 'नंतर करतो' म्हटलं, त्याचीही आंघोळ. दोन महिने नाक गळून राहिलं आहे. दुसऱ्या बापांनी लेकीसाठी खूप काही केलं असेल, पण असं केलं नसेल.

परवा बुधवारी साक्षगंधाची तारीख पक्की करायची होती. सकाळची चांगली वेळ निघाली, म्हणून मी अंधार असतानाच जाऊन बसलो. फोन आला. भगवंतराव खुशीत होते. "तर मग पंजाबराव, येत्या पंचमीला साक्षगंध. आपल्या तोंडून एकदा होकार ऐकला की आम्ही तयारीला लागतो." मी तोंड उघडलं, अन् फाटकातून आवाज आला, "राम बोलो भाई राम."

पलीकडच्या गल्लीतला मोतीराम बुढा पहाटेच गेला होता. मले कोणी सांगतलं नाई, अन् सांगणार कसं, मी घरीच नव्हतो. अख्खं गाव आत आलं. साऱ्यांचे मोबाइल वाजाले लागले. मी फोनवर हात दाबून धरला. अन् लोकांले वाटलं, पाहा, पंजाबराव सगळ्यांच्या आधी येऊन बसले. मोतीरामचा मोठा पोरगा धावत आला, मले उठवून गळ्यात पडला अन् रडता रडता म्हणे, "काका, तुमच्या हातानंच लाकडं रचा, दुसऱ्या कोणी रचायचे नाई." फोन माझ्या मुठीत, चालूच. त्यातून भगवंतराव म्हणाले, "पंजाबराव, आपल्या बगीच्यात..." अन् फोन बंद.

आता माझी पंचाईत समजून घे. फोन बंद झाला, पण केला कोणी? त्या पोरानं मले उभं केलं होतं, अन् उभं राहिलं की तिथं नेटवर्क जाते हे वर लिहिलंच आहे. म्हणजे नेटवर्कनं कापला असेल. पण भगवंतरावांनीही कापला असेल. नेटवर्कनं कापला असला तर सोयरीक आहे, त्यांनी कापला असला तर नाई, अन् दोन्हीचा आवाज सारखाच येते. मी लगेच बसून परत लावाले पायजे होता, पण एका हाताले लाकूड होतं अन् दुसऱ्या हाताले मोतीरामचा पोरगा. शिवाय ज्यानं फोन लावला त्यानंच कटल्यावर परत लावायचा, अशी आपली रीत आहे. पोरीच्या बापानं मागं लागलेलं बरं दिसत नाई. आता तेही लावून लावून थकले असतील, अन् ती फोनमधली बाई त्यांले सांगत असेल की हे क्षेत्राबाहेर आहेत, अन् त्यांले वाटत असेल की पंजाबराव तोंड लपवून राहिले.

घरी येऊन आंघोळ केली अन् तुझ्या बहिणीले सारं सांगतलं, बगीच्यासहित. बगीच्याचं तिले आधी ठाऊक नव्हतं. तिचा राग कसा असते, ते तू लहानपणापासून जाणतो. माझ्या हातातून मोबाइल घेतला, कोठीत टाकला, कुलूप लावलं अन् मंग म्हणे, "आता तिकडं जायचं नाई, कोणाले बोलायचं नाई, अन् सुधरवाले तर बिलकुल जायचं नाई." आकांक्षाही मायसंग बोलते, माझ्यासंग बोलत नाई. ताट वाढून ठेवते अन् आत जाते. पोरीनं मनाले लावून घेतलं आहे. तरी स्वच्छता सोडली नाई, या थंडीतही सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून आंघोळ करते. हा गुण तिनं माझा घेतला नाई, तेवढं बरं झालं.

सहदेव, गंमत सोडून सांगतो, मले भेव लागून राहिलं आहे. तुझ्याकडून पाहणं करून आलो त्या दिवशी आकांक्षा गाडीत खिडकीपाशी बसली होती अन् उगाच बाहेर पाहून हसून राहिली होती. तिले वाटलं कोणी पाहत नाई, पण मी पाहिलं. माझ्या एका 'हाव'नं ते मोडलं असलं तर मी तिच्या हातचं ताट कोणत्या तोंडानं घेऊ? म्हणून एवढं काम कर. भगवंतरावांकडं सहज गेल्यासारखा जा, अन् फोन कोणी कापला एवढं हळूच काढून घे. त्यांनी कापला असला तर माझ्याकडून माफी माग. नेटवर्कनं कापला असला तर मागू नको, उगाच त्यांले समजायचं. बगीच्याचा विषय निघाला तर खोकून घे. आमचा शेजारी चंदन उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले दाढ दाखवाले येऊन राहिला, त्याच्या हातानं हे पत्र धाडतो. उत्तर त्याच्याच हातानं दे, दाढ काढली तरी हात मोकळे असतात.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल तर बहिणीचा नवरा म्हणून पोटात घाल.

तुझा भाटवा,
पंजाबराव

ता.क. तुझ्या बहिणीले विचारलं, भावाले काही लिहायचं आहे का. म्हणे, "लिहा, पत्र नाई वाचलं तरी चालते." राग अजून उतरलेला दिसत नाई.

ता.क. दुसरा. शनिवार सकाळ. चंदन ओट्यावर चहा पिऊन राहिला अन् त्याची गाडी चुकायची वेळ झाली आहे, तरी हे लिहिणं भाग आहे. मी आत्ता गोठ्यातून आलो तर चुलीपाशी मायलेकी दोघी केस वाळवत बसलेल्या. आकांक्षाचं समजलो, ती रोजचीच. पण तुझी बहीण? जिनं या गावाले आंघोळ लावली, जी कधी फाटकापर्यंतही गेली नाई, तिचं डोकं ओलं. कोठीचं कुलूप उघडं, माझा मोबाइल कोनाड्यात. मी चौकटीत उभा राहिलो अन् पारावरचे लोक विचारतात तसंच विचारलं, "कोणाले लावला होता?" म्हणे, "इहीणबाईले." म्हणजे भगवंतरावांच्या बायकोले.

मंग हळूहळू समजलं ते असं. आकांक्षा दोन महिन्यांपासून त्याच बाकावरून आपल्या मोबाइलवर नितेशसंग बोलून राहिली आहे. तुझ्या बहिणीले ते पहिल्या दिवसापासून ठाऊक, बायांचा नियम लेकीले लागू नसते म्हणे. साऱ्या गावाची ओली डोकी मी ओळखली, माझ्या घरातलं एक ओळखलं नाई. लोणझरीत नेटवर्क फक्त मोक्षधामात आहे, हे नितेशनं घरी तेव्हाच सांगून टाकलं होतं. म्हणजे भगवंतरावांनी 'बगीच्यात बसलात वाटतं' असं विचारलं तवा मी कुठं बसलो आहो ते त्यांले पक्कं ठाऊक होतं. बायकोले म्हणाले होते, "मुलीचा बाप लाजतो आहे, आपणच काहीतरी जागा सुचवू." अन् बुधवारी फोन कापला तो नेटवर्कनंच. 'राम बोलो' ऐकून ते तिकडं हात जोडून उभे राहिले होते, अन् त्यांचं वाक्य होतं, 'आपल्या बगीच्यात आज माणसं आली आहेत, आधी त्यांचं पाहा, आपलं नंतर.' हे पोरीले बुधवारी संध्याकाळीच समजलं होतं. मंग दोन दिवस मले काहून सांगतलं नाई, विचारलं. तुझी बहीण म्हणे, "ती बगीच्याची सजा होती."

साक्षगंध पंचमीले पक्कं आहे. होकार तुझ्या बहिणीनं देला. अजून काय बोलली, विचारलं, तर केस झटकत म्हणे, "काही नाई. एवढंच सांगतलं, या माणसाले लग्नात आंग धुवाले तिघांनी धरून आणलं होतं, अन् पोरीसाठी तो दोन महिन्यांपासून थंड पाण्यानं आपल्या मनानं धुऊन राहिला. आमच्यापाशी बगीचा नाई, पण बाप असा आहे." मले रडू आलं, सहदेव. चंदन पाहत होता, म्हणून त्याले दाढेचं विचारलं.

तेव्हा वरचं सारं रद्द समज. एवढं लिहिलं आहे अन् चंदन जातच आहे, म्हणून धाडतो. भगवंतरावांकडं जाऊ नको, खोकू नको. मुंगवड्यांचं रद्द नाई.

ता.क. तिसरा. खरं काम राहूनच गेलं. लग्नानंतर आकांक्षा अकोल्याले राहणार. तुमच्याकडं नेटवर्क घरात असते, जिन्यात असते, मोरीतही असते, तिले कुठं जायची गरज नाई. आत्ता माझ्या हातात चहाचा कप देला, बुधवारपासून पहिल्यांदा बोलली, अन् म्हणे, "बाबा, मी रोज फोन करीन." रोज म्हणे. मी म्हटलं, कर. म्हणून चंदन परत यायच्या आत तुमच्या जठारपेठेतल्या भांड्याच्या दुकानात जा अन् पाणी तापवायचा तांब्याचा बंब पाहून ठेव, लाकडावरचा, नळ न गळणारा. लहान घेऊ नको. दोन बकेटी एका वेळी तापल्या पायजेत, कारण ती सकाळी बोलली तरी संध्याकाळी मी परत जाऊन बशीनच.